बॅकलाइनमधून हल्ला: फुटीमध्ये बचावातून गोलपर्यंतची चाल कशी बांधायची

२०१८ ची एएफएल ग्रँड फायनल, म्हणजे फुटीच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या) सर्वोच्च लीगचा अंतिम सामना, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड (एमसीजी). शेवटच्या क्वार्टरची अखेरची मिनिटं, कॉलिंगवूड अगदी थोडक्या गुणांनी पुढे. वेस्ट कोस्टचा डिफेंडर जेरेमी मॅकगव्हर्नने कॉलिंगवूडने पुढे मारलेला बॉल मध्येच हवेत पकडला, म्हणजे मार्क घेतला. त्याची किक नेथन व्हार्डीकडे गेली, व्हार्डीची लियम रायनकडे, रायनची डॉम शीडकडे, आणि शीडने बाउंडरीला चिकटलेल्या अवघड कोनातून गोल मारला. सामना संपला तेव्हा वेस्ट कोस्ट ७९, कॉलिंगवूड ७४.

सगळ्यांना शीडची किक आठवते. बॅकलाइन, म्हणजे बचावफळी, सांभाळणाऱ्याने मात्र ती क्लिप मागे नेऊन मॅकगव्हर्नच्या मार्कच्या आधीचे काही क्षण पाहावेत, आणि मग त्याच्या पुढचे तिघे कधी हलले ते पाहावं. बचावातून हल्ला म्हणजे बॉल मिळाला की जीव खाऊन पळायचं, असा समज स्थानिक क्लबांत सर्रास दिसतो. माझं मत वेगळं आहे. बॉल समोरच्या संघाकडे असतानाच हा हल्ला उभा राहतो, आणि गोलपर्यंत जाणार की नाही हे बहुतेक वेळा दुसऱ्या किकवर ठरतं. पहिली किक फक्त सुटका करते. या लेखातला भर त्यामुळे उभं राहण्यावर आणि त्या दुसऱ्या किकवर आहे.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात

मुलं ऑस्ट्रेलियात फुटी खेळायला लागली म्हणून मैदानाच्या कडेला उभे असलेले आईबाबा हे वाचत असतील, तर एवढं पुरे. मैदान लंबगोल आणि अवाढव्य असतं. अजिंक्य रहाणेने २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत शतक ठोकलं तेच एमसीजी हिवाळ्यात फुटीचं मैदान होतं, सुमारे १६० मीटर लांब आणि १४० मीटरच्या आसपास रुंद. प्रत्येक संघाचे १८ जण मैदानात असतात (महिलांच्या एएफएलडब्ल्यूमध्ये १६). मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेली तर बिहाइंड, १ गुण. किमान १५ मीटर आलेली किक कुणाचाही स्पर्श न होता हवेत झेलली की तो मार्क. मार्क घेणाऱ्याला बिनधोक किक मारता येते. हाताने पास (हँडबॉल) द्यायचा तर बॉल एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, फेकायचा नाही. बॉल घेऊन पळताना दर १५ मीटरला तो जमिनीवर टप्पा देऊन घ्यावा लागतो किंवा जमिनीला टेकवावा लागतो. आणि बॉल सोडायची संधी मिळूनही सोडला नाही, मग टॅकल झाला, तर ‘होल्डिंग द बॉल’ म्हणून फ्री किक विरुद्ध जाते.

सॉकर पाहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: इथे ऑफसाइड नाही. तुमचा फॉरवर्ड समोरच्या गोलपाशी एकटा उभा राहू शकतो. बचावातून हल्ल्याची सगळी गंमत तिथून सुरू होते.

गोल झाला की बॉल मध्यावर येतो, आणि २०१९ पासून एएफएलमध्ये त्या वेळी दोन्ही संघांना सहा पुढे, सहा मध्ये, सहा मागे असं उभं राहावंच लागतं. म्हणजे समोरचा बचाव नीट लागलेला असतो. तोच संघ हल्ल्यात असताना त्याचे बरेचसे खेळाडू तुमच्या अर्ध्यात आलेले असतात आणि सगळ्यांची तोंडं तुमच्या गोलकडे असतात. त्या क्षणी बॉल तुमच्याकडे आला, तर त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान मोकळं. एएफएलमध्ये अलीकडच्या हंगामांत अर्ध्याहून जास्त गुण अशा टर्नओव्हरमधून येतात ते यामुळेच.

पहिली पायरी: बॉल त्यांच्याकडे असताना कुठे उभं राहायचं

कागदावर बॅकलाइनमध्ये सहा जण असतात: गोलपाशी फुल-बॅक आणि दोन बॅक पॉकेट, त्यांच्या पुढच्या ओळीत सेंटर हाफ-बॅक आणि दोन हाफ-बॅक फ्लँक. प्रत्यक्षात त्यांना कामं वाटून द्या. एक उंच खेळाडू समोरच्या सर्वांत धोकादायक फॉरवर्डला चिकटेल. एक-दोन चपळ जण त्यांच्या छोट्या फॉरवर्डना सोडणार नाहीत. एक इंटरसेप्टर, म्हणजे बॉल वाचून मध्ये घुसणारा. उरलेले दोघे पळणारे आणि चांगली किक मारणारे. प्रशिक्षक नेहमी चिकटणाऱ्यांची निवड काळजीपूर्वक करतात आणि हाफ-बॅकवर उरलेसुरले पाठवतात. खरं तर संघातला सर्वांत नेमकी किक मारणारा हाफ-बॅकवर हवा, कारण मैदान समोर उघडं दिसतं ते तिथून. हॉथॉर्नने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन विजेतेपदं घेतली तेव्हा मागून किक मारायला ल्यूक हॉज, ग्रँट बर्चल आणि मॅट सकलिंग असे डाव्या पायाचे तिघे त्यांच्या ताफ्यात होते. कॉलिंगवूडने निक डेकॉसला २०२२ मध्ये, पहिल्याच हंगामात, हाफ-बॅकवर खेळवलं आणि त्या वर्षीचा रायझिंग स्टार हा तरुण खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला.

आता मुख्य प्रश्न: आपल्या माणसाला कधी सोडायचं? याचं उत्तर किक मारणाऱ्याकडे बघून मिळतं, आपल्या माणसाकडे बघून नाही.

किक मारणाऱ्यावर दबाव असेल, कुणी त्याच्या अंगावर धावत असेल, तो घाईत असेल, तर त्याची किक उंच आणि बेभरवशाची येणार. अशा वेळी इंटरसेप्टरने आपल्या माणसाला सोडून बॉल पडेल त्या जागी निघायचं. उलट किक मारणारा मोकळा असेल, मान वर करून शांतपणे बघत असेल, तर तो हव्या त्या माणसाला बॉल देईल. तेव्हा मागे सरकून माणसाला चिकटायचं. एवढा एकच नियम बॅकलाइनमधल्या सगळ्यांना पाठ झाला तरी निम्मं काम झालं. जेक लिव्हर आणि स्टीव्हन मे ही मेलबर्नची २०२१ ची जोडी, जीलाँगचा टॉम स्टुअर्ट, कॉलिंगवूडचा डार्सी मूर यांचे सामने पाहताना बॉलवरून नजर काढून फक्त यांचे पाय बघा. बॉल सुटायच्या आधीच ते दोन पावलं सरकलेले दिसतील.

उभं राहायचं ते तिरकं. एक खांदा बॉलकडे, एक खांदा आपल्या माणसाकडे, आणि आपण गोलच्या बाजूला. पाठ फिरवून माणसाला धरून उभं राहिलात तर मार्क घेणं शक्यच नाही, फक्त झगडा होतो.

मार्क घ्यायला एकानेच उडी मारायची. हे मोठ्याने ओरडून ठरवायचं, “माझा” म्हणून. दुसरा खाली समोर थांबेल, तिसरा मागे, निसटलेला बॉल उचलायला. तिघे एकाच बॉलसाठी वर गेले की खाली पडलेला बॉल समोरच्या छोट्या फॉरवर्डचाच, यात वाद नाही. आणि मार्क होत नसेल तर मुठीने बॉल मारून काढायचा, म्हणजे स्पॉइल. तो बाउंडरीच्या दिशेने. गोलच्या तोंडासमोर स्पॉइल मारणं म्हणजे त्यांनाच पास देणं.

संघ म्हणून हे सगळं झोनमध्ये बसतं, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याच्या मांडणीत. अॅलिस्टेर क्लार्कसनच्या हॉथॉर्नने २००८ मध्ये सगळ्या संघाचा सरकता झोन वापरून विजेतेपद घेतलं. पुढे मिक माल्थाउसच्या कॉलिंगवूडने २०१० मध्ये तो समोरच्या अर्ध्यात नेऊन प्रेस केला. स्थानिक संघाला एवढं गुंतागुंतीचं लागत नाही. बॉलच्या मागे, गोलच्या बाजूला, आपला एक माणूस जास्त ठेवा. बाकी माणसाला माणूस.

दुसरी पायरी: बॉल मिळाल्यावरचे दोन सेकंद

बॉल मार्क करून मिळाला की जमिनीवरून उचलून मिळाला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मार्क असेल तर तुम्हाला वेळ मिळालेला आहे, पण समोरच्यांनाही मिळालेला आहे. त्यांचा बचाव प्रत्येक सेकंदाला जागेवर येतोय. म्हणून मार्क घेतल्या घेतल्या मान वर. नजर फिरवायचा क्रम ठरवून ठेवा: आधी मैदानाचा मधला पट्टा, ज्याला कॉरिडॉर म्हणतात, मग पलीकडची मोकळी बाजू, फुटीच्या भाषेत ‘फॅट साइड’, आणि शेवटी आपल्याच बाजूची बाउंडरी. बहुतेक खेळाडू हा क्रम उलटा करतात. आधी बाउंडरी दिसते, तिथे उंच किक जाते, आणि पन्नास मीटरवर चार विरुद्ध चार असा झगडा लागतो. त्यात हल्ला कुठेच नसतो.

इथे एक नियम तुमच्या मदतीला आहे. २०२१ पासून एएफएलमध्ये मार्कवर, म्हणजे मार्क घेतला त्या जागेवर, उभ्या असलेल्या समोरच्या खेळाडूला अंपायर ‘स्टँड’ म्हणाला की हलता येत नाही; हलला तर ५० मीटरचा दंड. तो तिथे खांबासारखा असतानाच तुमचा एक साथीदार मागून वेगात येऊ द्या, त्याला हँडबॉल द्या, आणि तो पळत निघेल. अंपायरने ‘प्ले ऑन’ (खेळ सुरू) म्हणेपर्यंत मार्कवरचा माणूस अडकलेलाच असतो. मात्र धावत येणाऱ्याने आपला प्रतिस्पर्धी सोबत आणू नये, कारण स्वतःच्या माणसामागे धावत मार्कभोवतीच्या सुरक्षित पट्ट्यात यायला प्रतिस्पर्ध्याला परवानगी आहे; एरवी तिथे त्याला येता येत नाही. तुमच्या लीगने हा नियम घेतला आहे का, ते हंगामाआधी विचारून ठेवा.

जमिनीवरचा बॉल असेल तर गोष्ट वेगळी. उचलणाऱ्याचं तोंड बहुतेक वेळा आपल्याच गोलकडे असतं आणि पाठीवर कुणीतरी चढलेलं असतं. त्याने वळायचा प्रयत्न करू नये. वळला की टॅकल, आणि टॅकल झाला की गोलसमोर फ्री किक. त्याने हँडबॉल द्यायचा तो मागे किंवा बाजूला, पण ज्याचं तोंड पुढे आहे आणि जो हलतोय त्याला. थांबलेल्या माणसाला, ज्याच्या मागे प्रतिस्पर्धी उभा आहे, बॉल देणं म्हणजे त्याला दवाखान्यात पाठवणं. गर्दीतून दोन, फार तर तीन हँडबॉल. तिसऱ्याने किक मारायचीच.

हँडबॉल हे हल्ल्याचं हत्यार आहे हे १९७० च्या ग्रँड फायनलने जगाला दाखवलं असं फुटीचे लोक मानतात. एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक. मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडच्या ४४ गुण मागे. प्रशिक्षक रॉन बरासीने खेळाडूंना सांगितलं: हँडबॉल करा, थांबू नका. राखीव बाकावरून आलेल्या टेड हॉपकिन्सने चार गोल केले आणि कार्लटन १११ विरुद्ध १०१ असं जिंकलं. तोवर हँडबॉल म्हणजे अडचणीत सापडल्यावरची पळवाट समजली जायची. अर्थात एका मध्यंतराने खेळ बदलला ही दंतकथा थोडी सोपी करून सांगितलेली आहे. पॉली फार्मरसारखे खेळाडू त्याच्या कितीतरी आधीपासून लांबवर हँडबॉल मारून चाली उभ्या करत होते.

तिसरी पायरी: रस्ता निवडणं

मागून पुढे जायचे तीन रस्ते आहेत.

बाउंडरीलगतची लांब किक हा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत कमी फायद्याचा रस्ता. बॉल गेला तरी गोलपासून दूर आणि कोपऱ्यात गेलेला असतो. दमलेले असताना, पाऊस असताना, पुढे असताना हा घ्यायला लाज वाटू नये. उंच रकमनला (अंपायरने उंच टाकलेल्या बॉलसाठी उडी मारणाऱ्या खेळाडूला) बाउंडरीपाशी उभा करा आणि बॉल त्याच्या बाहेरच्या खांद्याकडे मारा, म्हणजे हुकला तरी रेषेकडे जाईल. फक्त मुद्दाम बाहेर मारलात असं अंपायरला वाटलं तर फ्री किक विरुद्ध जाते. एकही टप्पा न पडता थेट बाहेर गेला तरीही. तो नियम १९६९ पासून आहे.

कॉरिडॉर हा सर्वांत जवळचा रस्ता, कारण गोल मध्यावर आहे. आणि सर्वांत महागही. मधल्या पट्ट्यात बॉल गमावला तर समोरच्याला सरळ समोर गोल दिसतो आणि तुमचे पळणारे सगळे पुढे निघून गेलेले असतात. कॉरिडॉरमध्ये किक मारायची अट एकच ठेवा: घेणारा आधीच हलत असला पाहिजे आणि किक सपाट पाहिजे. उंच, तरंगती किक मध्ये मारणारा खेळाडू कितीही गुणी असला तरी त्याला बाजूला घेऊन बोला.

तिसरा रस्ता म्हणजे स्विच, बॉल एका बाजूकडून पलीकडच्या बाजूला नेणं, आणि याच्यावर मी जास्त वेळ घालवीन, कारण स्थानिक पातळीवर सर्वांत जास्त गोल इथेच पडून राहतात.

समजा बॉल तुमच्या उजव्या हाफ-बॅकवर आहे. समोरचा झोन त्या बाजूला जमलाय. एमसीजीसारख्या मैदानात दुसरी बाजू शंभर मीटर लांब आहे. तुमच्या उपनगरातल्या मैदानातही सत्तर-ऐंशी मीटर. चाळीस-पंचेचाळीस मीटरची किक हवेत दोन-अडीच सेकंद असते. तेवढ्यात झोनमधला खेळाडू फार तर पंधरा-वीस मीटर सरकतो. म्हणजे दोन किकांत बॉल पलीकडे नेला, तर झोन पोचण्याआधी बॉल पोचतो. हे गणित साधं आहे. बिघडतं ते या तीन ठिकाणी.

पहिली स्विच किक पुढे मारली जाते. ती आडवी किंवा किंचित मागे हवी, झोनच्या समोरून, आपल्या गोलच्या बाजूने. पुढे मारली तर झोनमधूनच जाते आणि मध्येच कापली जाते. पण गोलच्या तोंडासमोरून, तीस मीटरच्या आत, आडवी किक नकोच. घेणारा अगदी एकटा असेल तर गोष्ट निराळी.

दुसरं, घेणारा थांबतो. मधल्या माणसाने मार्क घेतला की तो सुटकेचा श्वास टाकतो, मागे जातो, मोजे वर ओढतो. झोन सरकून आला. स्विच मेला. त्याने मार्क घेण्याआधीच पलीकडे कोण आहे हे पाहिलेलं असायला हवं, आणि मार्क घेऊन दोन पावलांत दुसरी किक सुटायला हवी. हीच ती दुसरी किक. ती पलीकडच्या विंगकडे (मध्याजवळच्या कडेला) जाते, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पलीकडच्या बाजूने पंचेचाळीस अंशात आत, कॉरिडॉरकडे. ही आतली किक जमली की समोरच्या बचावाला एकदम वळून गोलकडे धावावं लागतं, आणि पाठ दाखवून धावणारा बचाव काही वाचवू शकत नाही.

तिसरं, पलीकडचा विंगर तिथे नसतोच. बॉल उजवीकडे असताना डावा विंगर बाउंडरीपाशी एकटा उभा असतो, त्याला कुणी पास देत नाही, थंडी वाजते, आणि तो हळूहळू बॉलकडे सरकतो. मुलांच्या सामन्यात तर तो पहिल्या पाच मिनिटांत मध्यावर पोचलेला असतो. त्याला समजावून सांगा की रुंदी धरून उभं राहणं हेच त्याचं काम आहे. आणि मग त्याला खरोखर बॉल द्या. तीन वेळा उभा राहिला आणि एकदाही बॉल आला नाही, तर चौथ्यांदा तो थांबणार नाही, आणि चूक त्याची नसेल.

डाव्या पायाचा खेळाडू बॅकलाइनमध्ये असणं इथे फार उपयोगी पडतं. एकाच जागेवरून दोन वेगळ्या पायांचे खेळाडू दोन वेगळे कोन उघडतात, आणि झोनला अंदाज बांधणं अवघड जातं.

चौथी पायरी: बॉलच्या पुढचे काय करत आहेत

बॉल मागे मिळाला त्या क्षणी तुमचे हाफ-फॉरवर्ड बहुधा मध्यापर्यंत मदतीला आलेले असतात. त्यांनी आता उलटं वळायचं आणि गोलकडे पळायचं. पण सगळ्यांनी नाही. एक जण बॉलकडे धावत येतो, बाकीचे त्याने मोकळी केलेली जागा वापरतात. सगळे बॉलकडे आले तर पुढे कुणीच उरत नाही. सगळे गोलकडे गेले तर मध्ये खड्डा पडतो.

सर्वांत पुढचा उंच फॉरवर्ड समोरच्या गोलपाशीच थांबेल. तो तिथे आहे म्हणून समोरच्या फुल-बॅकला वर येता येत नाही, आणि त्यामुळेच मधली जागा मोकळी राहते. या माणसाला पूर्ण क्वार्टर बॉल मिळाला नाही तरी तो काम करतोय. त्याची धाव सुरू होते ती मारणारा मान वर करून तयार झाल्यावर. आधी निघाला तर किक सुटेपर्यंत तो प्रतिस्पर्ध्याला सोबत घेऊन नको तिथे पोचलेला असतो.

बॉल घेऊन पळणाऱ्याच्या मागून आणि बाजूने एक जण पळत राहायला हवा, हँडबॉल घ्यायला. पळणाऱ्याने समोरच्या एकाला आपल्याकडे ओढायचं आणि अगदी अंगाशी आल्यावर बॉल सोडायचा. लवकर सोडला तर तो प्रतिस्पर्धी दुसऱ्याकडे वळतो आणि संख्येचा फायदा गेला.

पाचवी पायरी: आपलाच बॉल परत गेला तर

मागून निघालेली चाल मध्यावर तुटली तर त्यातून पडणारा गोल थांबवणं सर्वांत कठीण असतं. तुमचे पळणारे पुढे, रुंदी धरून पसरलेले, आणि मागे रान मोकळं. म्हणून चाल निघताना दोघांनी मागे राहायचंच: चिकटणारा उंच फुल-बॅक आणि एक चपळ पॉकेट. आज पुढे जायचं कोणी आणि थांबायचं कोणी हे सामन्याआधी नावानिशी ठरवा. “बघून घेऊ” म्हटलं की दोन्ही हाफ-बॅक एकदम निघतात. साधा नियम असा: एका बाजूचा हाफ-बॅक गेला तर दुसऱ्या बाजूचा थांबतो.

२०१७ मध्ये डेमियन हार्डविकच्या रिचमंडने ३७ वर्षांनी विजेतेपद जिंकलं ते पुढच्या भागातल्या दबावाच्या जोरावर. मागून सावकाश आणि नाजूक पास देत निघणाऱ्या संघांना ते तिथेच गाठायचे. असा संघ समोर असेल तर हँडबॉलची संख्या कमी करा आणि किक लवकर मारा, थोडी कमी नेमकी असली तरी चालेल.

किक-इन

समोरच्याने बिहाइंड केला की तुमचा एक जण गोल स्क्वेअरमधून (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीतून) बॉल आत आणतो; हीच किक-इन. शांतपणे आखता येईल अशी बचावातली ही एकमेव जागा. फिट्झरॉयचे प्रशिक्षक असताना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, रॉबर्ट वॉल्सने इथे हडल आणल्याचं श्रेय त्याला दिलं जातं: आपले खेळाडू एका घोळक्यात उभे करायचे आणि इशारा होताच चहूकडे फुटायचं. आज झोनविरुद्ध निव्वळ हडल चालत नाही, पण फुटून पळण्याची कल्पना जिवंत आहे.

आज महत्त्वाचा बदल २०१९ चा. तेव्हापासून एएफएलमध्ये किक-इन घेणाऱ्याला आधी स्वतःलाच किक मारावी लागत नाही. तो सरळ पळत बाहेर येऊ शकतो. २०२१ पासून मार्कवरचा माणूसही १५ मीटर लांब असतो. चांगल्या पायाचा खेळाडू वीसेक मीटर पळून पन्नास मीटर मारतो, म्हणजे बॉल सत्तर मीटरच्या आसपास पोचतो आणि समोरच्याचा पहिला पट्टा ओलांडला जातो. दोन मांडण्या पुरे आहेत: एक पॉकेटमध्ये (गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात) छोट्या पासची, ज्यातून लगेच स्विच निघेल, एक लांब, रकमनकडे. छोटा पास चालणार असेल तेव्हाही लांबच्या मांडणीतले खेळाडू पळालेच पाहिजेत. नाहीतर दुसऱ्या किकला कुणी नसतं.

दबावात बॉल स्वतःच रेषेपार ढकलून एक गुण देऊन टाकणं कधीकधी शहाणपणाचं असतं. पण त्यालाही मर्यादा आहे. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध असे ११ बिहाइंड स्वतःहून दिले आणि सामना जिंकला. पुढच्याच वर्षी नियम आला की दबाव नसताना मुद्दाम असं केलं तर फ्री किक जाईल.

सराव कसा घ्यायचा

पहिला सराव अर्ध्या मैदानात. साठ मीटरवरून कुणीतरी बॉल आत मारेल. एकदा त्याच्या अंगावर पळणारा माणूस सोडा, एकदा त्याला मोकळं ठेवा. डिफेंडरना आधी सांगू नका. आत सहा फॉरवर्ड, सात डिफेंडर. बॉल जिंकला की दोन किकांत मध्यरेषा गाठायची. उभं राहण्याची सवय इथे लागते.

दुसरा, पंधरा मीटर चौकोनात चौघे विरुद्ध तिघे, फक्त हँडबॉल. बाहेर एक जण पळत राहील. तिसऱ्या हँडबॉलपर्यंत बॉल बाहेरच्याकडे पोचला पाहिजे आणि त्याने धावत्या साथीदाराला किक मारली पाहिजे. उभ्या खुणेला किक मारण्याचे सराव मला आवडत नाहीत. सामन्यात कुणी शंकू होऊन थांबत नाही.

स्विचसाठी प्रतिस्पर्धी लागत नाही, घड्याळ लागतं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन किका, आणि मधल्या माणसाच्या हातात बॉल किती वेळ राहिला तेवढंच मोजा. ड्रॉप पंट (हातातून सोडलेला बॉल जमिनीला लागण्याआधी मारायची नेहमीची किक) सपाट आणि उलटा फिरत जायला हवा. बॉल पायावर उंचावरून सोडला तर तो हवेत डगमगतो, म्हणून हात खाली नेऊन सोडायचा.

शेवटी, खऱ्या खेळासारखा सराव सामना, ज्यात प्रशिक्षकाची शिट्टी वाजली की बॉल जिथे असेल तिथे दुसऱ्या संघाला. शिट्टीनंतर तीन सेकंदांनी सगळ्यांना थांबवा आणि मोजायला लावा: आपले किती जण पुढे तोंड करून आहेत, रुंदी कुणी धरलीय, मागे कोण थांबलंय. सामन्याचा व्हिडिओ असेल तर प्रत्येक टर्नओव्हरला हेच करा. मॅच पाहण्याची नजर यातून बदलते.

हवा, गुण आणि घड्याळ

मेलबर्नच्या जुलैमध्ये बॉल साबणासारखा होतो. त्या दिवशी स्विच आणि हँडबॉलचा मोह टाळा, बॉल पुढे ढकला, पायाने ढकलला तरी चालेल, आणि बाउंडरी वापरा. जोराच्या वाऱ्यात वाऱ्याविरुद्धच्या क्वार्टरला छोट्या किका मारून बॉल ताब्यात ठेवा. लांब मारलेला बॉल तसाही परत येतो.

पुढे असाल तर बॅकलाइनमध्ये मार्क घेऊन वेळ घ्या, आडव्या किका मारा, समोरच्याला दमवा. मागे असाल आणि शेवटचं मिनिट असेल, तर बाउंडरीलगत उंच किक मारून काही मिळत नाही. एएफएलमध्ये बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं, म्हणजे वेळ वाचतो हे खरं, पण थ्रो-इन होईपर्यंत, म्हणजे अंपायर बॉल परत आत टाकेपर्यंत, समोरचे अठराच्या अठरा जण बॉलच्या मागे येऊन उभे राहतात. त्यापेक्षा कॉरिडॉरमधली धोक्याची सपाट किक बरी. तुमच्या लीगमध्ये घड्याळ थांबतच नसेल, तर थ्रो-इनला वेळही जातो आणि बचावही लागतो. तेव्हा हे सामन्याआधी टाइमकीपरला विचारून बॅकलाइनमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.